व्हीपीएन लागत नाहीये? आधी बिघाड कुठे आहे ते शोधा, मग सेटिंगला हात लावा



दुसरी शाखा मुख्य दुकानाला व्हीपीएनने कशी जोडायची, ते आपण आधीच्या व्हिडिओत पाहिलं. आज त्याचा पुढचा भाग. काल रात्री दुकान बंद करेपर्यंत व्यवस्थित चालणारं कनेक्शन आज सकाळी लागतच नाही. डेस्कटॉपवर "कनेक्टिंग... कनेक्टिंग..." फिरत राहतं आणि शेवटी एरर येते. अशा वेळी काय करायचं?

हा प्रश्न नुसता संगणकाचा नाही, धंद्याचा आहे. समजा तुम्ही दर महिन्याला जीएसटी रिटर्न भरता. आज १० तारीख आहे आणि शाखेतली बिलं मुख्य दुकानातल्या टॅलीत चढवायची राहिली आहेत. जीएसटीआर-१ ची मुदत ११ तारखेला संपते. ती चुकली तर दंडापेक्षा मोठं नुकसान दुसरंच होतं. तुमच्याकडून माल घेणाऱ्या व्यापाऱ्याचं जीएसटीआर-२बी १४ तारखेला तयार होतं. त्यात तुमचं बिल दिसलं नाही, तर त्याचं इनपुट क्रेडिट पुढच्या महिन्यावर जातं. म्हणजे त्याच्या खिशातले पैसे तुमच्यामुळे अडकले. एकदा तो फोन करून बोलतो. दुसऱ्यांदा बोलत नाही, माल दुसरीकडून घेतो.

अशा घाईत कुणीतरी ओळखीचा हार्डवेअरवाला म्हणतो, "व्हीपीएनचं सोडा, राउटरवर ३३८९ पोर्ट उघडून देतो. थेट रिमोट डेस्कटॉप लागेल." आणि लागतंही, पाच मिनिटांत. पण त्याच क्षणी तुमच्या हिशोबाच्या संगणकाचं दार अख्ख्या जगासाठी उघडं होतं. इंटरनेटवर असे उघडे ३३८९ पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्राम दिवसरात्र चालू असतात. ते पासवर्डचा अंदाज लावत राहतात. एकदा आत शिरले की टॅलीचा डेटा कुलूपबंद करून खंडणी मागतात. यालाच रॅन्समवेअर म्हणतात. २०१९ मध्ये रिमोट डेस्कटॉपमध्ये "ब्लूकीप" नावाची त्रुटी सापडली, तेव्हा सपोर्ट कधीच संपलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा मायक्रोसॉफ्टला दुरुस्ती काढावी लागली होती. धोका केवढा होता, ते यावरून समजा.

म्हणून आजच्या धड्याचा सार आधीच सांगतो: कुलूप उघडत नाही म्हणून दार काढून ठेवायचं नसतं. किल्ली अडकतेय कुठे, ते बघायचं असतं. आणि ते बघायला इंजिनिअर असायची गरज नाही. क्रमाने बघायची सवय लागते, बस.

आधी रस्ता डोळ्यासमोर आणा

शाखेतल्या डेस्कटॉपपासून मुख्य दुकानातल्या टॅलीपर्यंत पाच ठिकाणं लागतात:

१. शाखेतला डेस्कटॉप
२. शाखेचा राउटर आणि इंटरनेट
३. मुख्य दुकानाचा इंटरनेटवरचा पत्ता, म्हणजे पब्लिक आयपी
४. मुख्य दुकानातला राउटर, ज्यावर व्हीपीएन चालतो
५. टॅली असलेला संगणक

बिघाड बहुतेक वेळा या पाचपैकी एकाच ठिकाणी असतो. पण लोक काय करतात? पासवर्ड बदलतात, राउटर रिसेट करतात, अँटिव्हायरस काढतात, विंडोज फॉरमॅट करतात, आणि सगळं एकाच दुपारी. आता चालू झालंच तर कशामुळे झालं ते कळत नाही. नाही झालं तर एकाच्या जागी चार बिघाड होतात.

त्यामुळे नियम एकच. एका वेळी एकच गोष्ट बदला. फरक पडला नाही तर ती होती तशी करा आणि मग पुढे जा. शेजारी वही ठेवा, काय केलं आणि काय झालं ते लिहा.

मी इथे आपल्या व्हिडिओतलीच मांडणी धरून चाललो आहे: विंडोज १० किंवा ११ चा डेस्कटॉप, विंडोजचाच एलटूटीपी व्हीपीएन आणि समोर मुख्य दुकानात व्हीपीएनची सोय असलेला राउटर. तुम्ही दुसरा व्हीपीएन वापरत असाल तर एरर नंबर वेगळे असतील, शोधायचा क्रम हाच.

आणखी एक. इथे आकडे मराठीत छापले आहेत, संगणकावर टाइप करताना इंग्रजी आकडेच वापरा. सगळ्या कमांड व्हिडिओखालच्या वर्णनात जशाच्या तशा दिल्या आहेत, तिथून कॉपी करा.

पायरी १: सेटिंग उघडण्याआधी पाच प्रश्न

पहिला प्रश्न: शाखेत इंटरनेट चालू आहे का? रोज उघडता ती साइट बघू नका, कधी न उघडलेली एखादी साइट उघडा. जुनं पान कधी कधी साठवलेलं असतं आणि नेट चालू असल्यासारखं वाटतं.

दुसरा: मुख्य दुकानात लाईट आहे का? हसू नका. संगणक इन्व्हर्टरवर असतो, पण राउटर साध्या बोर्डावर असतो, असं कितीतरी दुकानांत बघायला मिळतं. तिथल्या माणसाला फोन करून विचारा, "राउटरचे दिवे लागलेत का? तिथे नेट चालतंय का?"

तिसरा: एकाच डेस्कटॉपवर अडतंय की शाखेतल्या सगळ्या संगणकांवर? एकाच ठिकाणी असेल तर दोष त्या डेस्कटॉपचा असण्याची शक्यता जास्त. सगळीकडे असेल तर डेस्कटॉपला हात लावू नका. आणखी एक गंमत लक्षात ठेवा: काही राउटरवर एकाच शाखेतून दोन संगणक एकाच वेळी एलटूटीपीने जोडता येत नाहीत. दुसरा जोडला की पहिला तुटतो. शेजारच्या काउंटरवर कुणी जोडून बसलंय का ते बघा.

चौथा: काल आणि आज यात काय बदललं? विंडोज अपडेट झालं? नवा अँटिव्हायरस टाकला? नेटवाला येऊन फायबरचा डबा बदलून गेला? पासवर्ड कुणी बदलला? बऱ्याचदा उत्तर इथेच सापडतं.

पाचवा: डेस्कटॉपची तारीख आणि वेळ बरोबर आहे का? जुन्या डेस्कटॉपमध्ये मदरबोर्डवर नाण्याएवढा सीआर २०३२ सेल असतो. तो संपला की संगणक बंद करून चालू केल्यावर तारीख मागे जाते. सर्टिफिकेटवर चालणारे व्हीपीएन, जसं ओपनव्हीपीएन, अशा वेळी लागत नाहीत, कारण संगणकाच्या हिशोबाने ते सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नसतं. साधा सेल बदलला की काम होतं.

पायरी २: एरर नंबर वाचा, वाचून लिहून ठेवा

"व्हीपीएन चालत नाही" असं सांगितलं तर तुम्हाला कुणीच मदत करू शकत नाही. डॉक्टरला "बरं वाटत नाही" एवढंच सांगण्यासारखं आहे ते. नंबर सांगितला की अर्धं काम झालं.

विंडोजच्या सेटिंगमध्ये नंबर दिसत नसेल तर स्टार्टमध्ये "इव्हेंट व्ह्यूअर" शोधा. त्यात विंडोज लॉग्ज, मग ॲप्लिकेशन उघडा. "रासक्लायंट" नावाच्या नोंदी दिसतील. ताज्या नोंदीत शेवटी एरर कोड लिहिलेला असतो. नेहमी भेटणारे कोड हे:

८६८: व्हीपीएनच्या जागी टाकलेलं नाव सापडत नाही. नावात स्पेलिंगची चूक आहे, किंवा शाखेचं नेट अथवा डीएनएस बिघडलंय.

८०९: समोरून उत्तरच येत नाही. मधे कुठेतरी रस्ता अडलाय, नाहीतर मुख्य दुकानाचा पत्ताच बदललाय. पायरी ३ आणि ४ बघा.

७८९: समोरचा भेटला, पण सुरुवातीची सुरक्षेची बोलणी फिसकटली. बहुतेक वेळा प्री-शेअर्ड की, म्हणजे दोन्हीकडे सारखीच असावी लागणारी गुप्त किल्ली जुळत नाही. कॉपी करताना शेवटी एक जागा जास्त आली तरी हे होतं. कधी विंडोजची आयपीसेक सेवा बंद पडलेली असते.

६९१: रस्ता बरोबर, किल्लीही बरोबर, पण युजरनेम किंवा पासवर्ड चुकला. कॅप्स लॉक बघा. पासवर्ड बरोबरच असेल तर कनेक्शनच्या सिक्युरिटी टॅबमध्ये "एमएस-चॅप व्ही२" ला टिक आहे ना, ते तपासा.

७२०: डेस्कटॉपमधले "वॅन मिनीपोर्ट" नावाचे ड्रायव्हर बिघडलेत. पायरी ५.

यात एक गोष्ट ध्यानात आली का? ६९१ आला याचा अर्थ तुमचा निरोप मुख्य दुकानाच्या राउटरपर्यंत पोचलाय. म्हणजे नेट, पत्ता, पोर्ट सगळं ठीक आहे. आता नेटवाल्याशी भांडण्यात अर्थ नाही. उलट ८०९ आला तर पासवर्ड दहा वेळा बदलून काही होणार नाही, कारण पासवर्ड विचारण्यापर्यंत गोष्ट गेलेलीच नाही. नंबर तुम्हाला कुठे बघायचं ते सांगतो, आणि कुठे बघायचं नाही तेही सांगतो.

पायरी ३: मोबाइल जोडा आणि रस्ता बदलून बघा

ही सगळ्यात उपयोगाची चाचणी आहे आणि फुकट आहे.

बऱ्याच डेस्कटॉपमध्ये वायफाय नसतं, त्यामुळे हॉटस्पॉट दिसणार नाही. काळजी नको. डेस्कटॉपची लॅन केबल काढा. मोबाइल चार्जिंगच्या केबलने डेस्कटॉपला लावा. मोबाइलच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. आता डेस्कटॉप मोबाइलच्या नेटवर चालतोय. व्हीपीएन जोडून बघा.

लागला? मग डेस्कटॉप चांगला आहे, मुख्य दुकानही चांगलं आहे. दोष शाखेच्या राउटरचा किंवा तिथल्या नेट कंपनीचा. राउटर बंद करून एक मिनिटाने चालू करा. तरी नाही तर राउटरच्या सेटिंगमध्ये "व्हीपीएन पासथ्रू" शोधा, त्यात आयपीसेक आणि एलटूटीपी चालू असायला हवेत. तेही असेल तर नेटवाल्याला विचारा की यूडीपी ५०० आणि ४५०० हे पोर्ट अडवलेत का.

नाही लागला, आणि एररही तीच आली? मग एक लॅपटॉप आणा, त्यावर तेच कनेक्शन टाकून मोबाइलच्या नेटवर बघा. लॅपटॉपवर लागलं तर दोष डेस्कटॉपचा. लॅपटॉपवरही नाही लागलं तर शाखेत वेळ घालवू नका, दोष मुख्य दुकानाकडे आहे. मोबाइलवरच व्हीपीएन टाकून बघू म्हणाल, तर अँड्रॉइड १२ पासून पुढच्या फोनमध्ये नवीन एलटूटीपी कनेक्शन टाकता येत नाही, म्हणून लॅपटॉपच घ्या.

दहा मिनिटांत तुम्ही पाच ठिकाणांतून एका-दोनवर आलात. एकही सेटिंग न बदलता.

पायरी ४: मुख्य दुकानाचा पत्ता बदललाय का?

आपल्याकडे ८०९ ची चौकशी बहुतेक वेळा इथे येऊन थांबते, म्हणून जरा सावकाश वाचा.

साध्या ब्रॉडबँडला मिळणारा आयपी कायमचा नसतो. लाईट गेली, राउटर बंद पडून परत चालू झाला, की नवा आयपी मिळू शकतो. तुमच्या शाखेतल्या डेस्कटॉपवर मात्र जुनाच टाकलेला असतो. दुकान दुसऱ्या गल्लीत हललं आणि गिऱ्हाईक जुन्याच पत्त्यावर येऊन शटर वाजवतंय, असा हा प्रकार.

तपासायचं कसं? मुख्य दुकानातल्या संगणकावर गुगलमध्ये "माझा आयपी काय आहे" असं इंग्रजीत शोधा. जो नंबर येईल तो शाखेतल्या डेस्कटॉपवर टाकलेल्या नंबराशी जुळवा. जुळत नसेल तर नवा टाका, काम झालं. पण हे परत होणार. कायमचे उपाय दोन: नेट कंपनीकडून स्टॅटिक आयपी घ्या, त्याचे वेगळे पैसे पडतात. किंवा राउटरमध्ये डीडीएनएस चालू करा. मग डेस्कटॉपवर आयपीऐवजी एक नाव टाकायचं असतं, आणि आयपी बदलला की राउटर स्वतःच त्या नावापुढे नवा आयपी लावतो.

आता दुसरी तपासणी. मुख्य दुकानाच्या राउटरचं पान उघडा. त्यात "वॅन आयपी" लिहिलेला असतो. तो आणि गुगलने दाखवलेला आयपी सारखा आहे का?

वेगळा असेल, आणि वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ यापैकी कशाने तरी सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. म्हणजे नेट कंपनीने एकच पब्लिक आयपी अनेक गिऱ्हाइकांत वाटून दिलाय. मोठ्या सोसायटीला एकच गेट आणि वॉचमन, तसं समजा. तुम्ही आतून बाहेर जाऊ शकता, पण बाहेरून आलेल्या पाहुण्याला कुठल्या फ्लॅटमध्ये सोडायचं ते वॉचमनला माहीत नाही. म्हणून तो परत पाठवतो. सीजीनॅटच्या मागे डीडीएनएसचा उपयोग होत नाही, पोर्ट फॉरवर्ड करूनही होत नाही. काल चालत होतं आणि आज बंद, असं असेल तर कंपनीने मधल्या काळात तुम्हाला सीजीनॅटवर टाकलंय का, ते विचारा.

इथे दोन रस्ते आहेत. पहिला, कंपनीकडे पब्लिक आयपी मागा. दुसरा, टेलस्केल किंवा झिरोटियरसारखं सॉफ्टवेअर वापरा. यात दोन्ही संगणक आतून बाहेर जोडतात, त्यामुळे सीजीनॅटची अडचण येत नाही.

वॅन आयपी १९२.१६८ ने सुरू होत असेल तर गोष्ट वेगळी. याचा अर्थ फायबरचा डबा स्वतःच एक राउटर आहे आणि त्याच्या मागे तुमचा व्हीपीएनचा राउटर आहे. मग डब्यावर यूडीपी ५०० आणि ४५०० हे दोन पोर्ट तुमच्या राउटरकडे फॉरवर्ड केलेले लागतात. नेटवाल्याने डबा बदलला की ही सेटिंग जाते, आणि तो सांगत नाही, कारण त्याच्या दृष्टीने नेट तर चालू आहे! अशा मांडणीत विंडोजच्या रजिस्ट्रीतही एक नोंद करावी लागते. ती वर्णनात दिली आहे. रजिस्ट्रीची सवय नसेल तर जाणकाराकडूनच करून घ्या.

पायरी ५: डेस्कटॉपच दोषी निघाला तर

इथपर्यंत आल्यावरच डेस्कटॉपला हात लावायचा. क्रम असा:

१. संगणक रीस्टार्ट करा. शटडाउन नाही, रीस्टार्ट. विंडोजमध्ये "फास्ट स्टार्टअप" चालू असेल तर शटडाउन केल्यावर सगळं पूर्ण बंद होत नाही.

२. दुसरा व्हीपीएन आहे का बघा. कुणीतरी फुकटचा व्हीपीएन टाकून ठेवलेला असतो, सिनेमा बघायला. दोन व्हीपीएन एकमेकांच्या पायात पाय घालतात. नको तो काढून टाका.

३. अँटिव्हायरसची फायरवॉल पाच मिनिटं बंद करून बघा. लागलं तर ती परत चालू करा आणि व्हीपीएनला त्यात परवानगी द्या. बंदच ठेवून देणं हा उपाय नाही.

४. "सर्व्हिसेस" उघडा. "आयपीसेक पॉलिसी एजंट", "आयकेई अँड ऑथआयपी आयपीसेक कीइंग मॉड्यूल्स" आणि "रिमोट ॲक्सेस कनेक्शन मॅनेजर" या तीन सेवा चालू आहेत का बघा. संगणक "फास्ट" करून देणारी सॉफ्टवेअर कधी कधी या बंद करतात.

५. कनेक्शन डिलीट करून नव्याने टाका. आधी जुन्याचे फोटो मोबाइलवर काढून ठेवा. प्री-शेअर्ड की पुन्हा टाकावी लागेल, ती हाताशी असू द्या.

६. एरर ७२० असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क ॲडॅप्टर्सखाली "वॅन मिनीपोर्ट" आयपी आणि आयपीव्ही६ हे दोन अनइन्स्टॉल करा, मग वरच्या ॲक्शन मेनूतून "स्कॅन फॉर हार्डवेअर चेंजेस" करा. विंडोज ते परत बसवतं.

आणि विंडोज अपडेट? हो, तेही कारण असू शकतं. ११ जानेवारी २०२२ च्या अपडेटनंतर अनेक ठिकाणी विंडोज १० आणि ११ चे एलटूटीपी व्हीपीएन अचानक बंद पडले. दोष वापरणाऱ्याचा नव्हताच. मायक्रोसॉफ्टने १७ जानेवारीला खास दुरुस्ती काढली. म्हणून सगळं तपासून झालं, आदल्या दिवशी अपडेट झालेलं दिसलं, तर ते एक अपडेट काढून बघायला हरकत नाही. पण दुरुस्ती आली की अपडेट परत घ्यायचं. अपडेट कायमचे बंद करून ठेवणं म्हणजे शटरचं कुलूप गंजू देणं.

पायरी ६: "कनेक्टेड" दिसतंय, पण टॅली उघडत नाही

हा प्रकार सगळ्यात जास्त डोकं खातो. कारण व्हीपीएन लागलाय, एरर नाही, आणि तरी काम होत नाही.

पहिला संशय: दोन्ही दुकानांचे आतले पत्ते सारखे आहेत. राउटर नवा येतो तेव्हा त्याचा आतला पत्ता बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. दोन्ही दुकानांत तो तसाच ठेवला, तर गोंधळ ठरलेला. आमच्या बॅचमधल्या एका ताईंचा मसाल्याचा कारखाना एकीकडे आणि विक्रीचं दुकान दुसरीकडे. टॅलीचा संगणक कारखान्यात, पत्ता १९२.१६८.१.१०. दुकानातही १९२.१६८.१ चीच मालिका. दुकानातला डेस्कटॉप म्हणायचा, "१.१० ना? हा तर आपल्याच घरातला." तो व्हीपीएनमधून पलीकडे बघायलाच जायचा नाही. दुकानातल्या राउटरचा आतला पत्ता १९२.१६८.५०.१ केला आणि प्रश्न मिटला. मात्र हे करताना प्रिंटर आणि सीसीटीव्हीच्या डीव्हीआरला पक्का पत्ता दिलेला असेल तर तोही बदलावा लागतो. म्हणून हे काम सुट्टीच्या दिवशी करा.

दुसरा संशय: टॅलीचा संगणक झोपलाय. पॉवर सेटिंगमध्ये स्लीप बंद करा.

तिसरा: विंडोजची फायरवॉल. फाइल शेअरिंगसारख्या गोष्टींना ती एरवी फक्त आपल्याच नेटवर्कमधून परवानगी देते. शाखा तिला परकी वाटते. म्हणून आधी मुख्य दुकानाच्या राउटरला पिंग करा. तो उत्तर देतो आणि टॅलीचा संगणक देत नाही, तर व्हीपीएन ठीक आहे, टॅलीच्या संगणकाच्या फायरवॉलमध्ये शाखेच्या पत्त्यांना परवानगी द्या.

चौथा: नावाने शोधताय का? नेटवर्कमधलं संगणकाचं नाव व्हीपीएनमधून बऱ्याचदा सापडत नाही. नावाऐवजी आयपी टाका.

एक सल्ला यातच देतो. व्हीपीएनमधून टॅलीचा डेटा फोल्डर थेट उघडू नका. हळू चालतं, आणि मधेच नेट तुटलं तर डेटा खराब होण्याची भीती. व्हीपीएन जोडा, मग त्याच्या आतून रिमोट डेस्कटॉपने टॅलीच्या संगणकावर बसून काम करा. त्यासाठी त्या संगणकावर विंडोज प्रो हवं, होममध्ये बाहेरून रिमोट डेस्कटॉप घेता येत नाही. वर ३३८९ ला नको म्हणालो ते थेट इंटरनेटवर उघडायला. व्हीपीएनच्या आत तोच रिमोट डेस्कटॉप चालतो.

दुरुस्ती होईपर्यंत धंदा चालू ठेवा

अर्ध्या तासात सापडलं नाही, तर थांबा. गिऱ्हाईक समोर उभं असताना दुरुस्ती करू नका. शाखेची दिवसाची बिलं एक्सेलमध्ये किंवा पेन ड्राइव्हवर काढा, पासवर्ड लावून मुख्य दुकानात पाठवा, तिथे कुणीतरी चढवेल. १० तारखेची रात्र असेल तर आधी रिटर्न, मग व्हीपीएन. स्क्रीन शेअर करून कुणाची मदत घ्यायची असेल तर ओळखीच्याच माणसाला आत घ्या, स्वतः समोर बसा, आणि काम झालं की ते ॲप बंद करा. बँकेचं पान तेव्हा उघडं ठेवू नका.

"सर, व्हीपीएन वापरणं कायदेशीर आहे ना?" हेही बरेच जण विचारतात. हो. सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांत व्हीपीएन सेवा विकणाऱ्या कंपन्यांना ग्राहकांची माहिती ५ वर्षं जपायला सांगितलं आहे. व्यवसायाच्या स्वतःच्या अंतर्गत व्हीपीएनला तो नियम लागू नाही, असंही नंतर स्पष्ट केलं आहे.

या आठवड्याचा गृहपाठ

व्हीपीएन चालू असताना, शांत दिवशी, एक कागद तयार करा. त्यावर लिहा:

- मुख्य दुकानाचा पब्लिक आयपी किंवा डीडीएनएसचं नाव, आणि राउटरचा वॅन आयपी
- दोन्ही दुकानांच्या राउटरचे आतले पत्ते
- टॅलीच्या संगणकाचा आतला पत्ता
- व्हीपीएनचा प्रकार आणि युजरनेम
- दोन्हीकडच्या नेटवाल्यांचे नंबर आणि ग्राहक क्रमांक
- शेवटचा बदल कधी, काय आणि कुणी केला

पासवर्ड आणि प्री-शेअर्ड की या कागदावर नको. त्या वेगळ्या पाकिटात, तिजोरीत.

आणि एकदा मुद्दाम यूएसबी टेदरिंग करून बघा, शाखेतल्या मुलालाही शिकवा. म्हणजे तुम्ही बाहेरगावी असताना तो फोनवर "चालत नाही" एवढंच म्हणणार नाही. तो म्हणेल, "दादा, ८०९ येतोय, मोबाइलच्या नेटवरही तोच येतोय, मुख्य दुकानातला आयपी बघायला सांगा." असा एक माणूस शाखेत तयार झाला, तर समजा तिसरी शाखा काढायची अर्धी तयारी झाली.

कागद तयार झाला की कळवा, आणि कुठला कोड आला तेही लिहा. पुढच्या व्हिडिओत टॅलीचा बॅकअप रोज आपोआप दुसऱ्या जागी कसा ठेवायचा ते बघू. तोवर ३३८९ बंद ठेवा आणि राउटर इन्व्हर्टरवर घ्या!